तिरकी कवळी

९ फेब्रुवारी

प्रिय शिडीस,

एका गंभीर अन्यायाकडे तुझं लक्ष वेधावं म्हणून हे पत्र. मला आता मान हलवून 'नाही' म्हणता येत नाही.

होकार देता येतो. हनुवटी जराशी खाली गेली की झाला होकार. नकारासाठी मात्र मान दोन्हीकडे न्यावी लागते. उजवीकडे ती निम्म्या वाटेत अडते आणि तिथून खांद्यात, खांद्यातून कोपरात आणि कोपरातून थेट अंगठ्यात झणझणत वीज जाते. तू म्हणशील, मग तोंडाने नाही म्हण. या घरातून जाऊन तुला बरीच वर्षं झाली, म्हणून असं सुचतं. इथे तोंडाने म्हटलेलं 'नाही' ऐकायची पद्धत कधीच नव्हती. परिणाम असा, की बाहेरच्या खोलीला मोहरीच्या रंगाचे पडदे लागले आहेत. तुझ्या भावोजींनी, म्हणजे आमच्या मास्तरांनी, दुकानात विचारलं, "हे घेऊ?" मी जिवाच्या आकांताने स्तब्ध उभी राहिले. त्यांनी ती संमती समजून कापड फाडून घेतलं. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसाला बायकोच्या चेहऱ्यावरची भरती-ओहोटी कळत नाही.

फोन का केला नाही? एक तर तुझा नंबर माझ्याकडे नाही, असं मी सगळ्यांना सांगते. दुसरं, फोन खांद्यात दाबून बोलायला बंदी झाली आहे, आणि खाली बघत बोटाने टाइप करायलाही. आपल्या अण्णांची जुनी लिहायची फळी डोळ्यांसमोर उभी करून लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर दोष फळीचा.

हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा फोटो दिव्यावर लावला आणि म्हणाले, "झीज आहे." मी म्हटलं, "कशाने?" ते म्हणाले, "वयाने." इतक्या सरळ तोंडाने मला आजवर कुणी म्हातारी म्हटलेलं नाही. मणक्यांच्या मधे गाद्या असतात म्हणे. त्यातलं पाणी वर्षानुवर्षं आटत जातं, गाद्या चपट्या होतात, मणके एकमेकांच्या जवळ येतात आणि हाड कडेकडेने बोचरं वाढतं. तिथून हाताकडे जाणारी एखादी नस चेपली गेली की मुंग्या, बधिरपणा. "केस पांढरे होतात ना, तसंच. फक्त आतून," ते म्हणाले. "तुमच्या वयाच्या बहुतेकांच्या फोटोत हेच दिसेल. पुष्कळांना तर काही दुखतही नाही." म्हणजे माझं दुखणंसुद्धा माझं खास नाही. आपल्या घरात मला खास असं काही मिळू नये ही परंपराच आहे. मिळाला तो गळ्यात घालायचा पट्टा.

एवढ्यासाठी तुला पत्र लिहिलं नसतं. पण परवा कवळीत दात लावताना मेणाची कोरणी हातातून पडली. काल पुन्हा. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, दोघांना आपण काय धरलंय तेच कळत नाही. तीस वर्षं मी डोळे मिटून नुसत्या बोटांनी सांगत आले, हा दात वरचा की खालचा, डावा की उजवा. आता डोळे उघडे ठेवूनही हातात दात आहे की खडा, हे बघावं लागतं. बोटं गेली तर लॅब गेली. आणि लॅबशिवाय मी कोण, हे मला ठाऊक नाही. भूगोलाच्या मास्तरांची बायको, एवढंच उरेल.

डॉक्टरांनी मला व्यायाम शिकवणारीकडे धाडलं. पोरगी बरी आहे, माझ्या निम्म्या वयाची. तिने माझं काम विचारलं. मी म्हटलं, कवळ्या करते. तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "अहो मग तुमच्यासाठी एक व्हिडिओ आहे! तुमच्याच कामातल्या एक बाई आहेत, इतकं सुंदर समजावतात. मी सगळ्यांना तोच पाठवते. तो रोज बघायचा आणि तसंच करायचं."

तिने लावला.

तू होतीस.

पांढरा कोट, मागे चकचकीत भट्टी, कामाचं टेबल छातीपर्यंत वर, आणि तू भिंतीला लावलेल्या घड्याळासारखी ताठ. "माझ्या कवळीवाल्या बहिणींनो आणि भावांनो," तू म्हणालीस.

बहीण! बाहेरच्या शेकडो लोकांना तू बहीण म्हणतेस. मला मात्र डॉक्टरांनी औषध म्हणून तुला लिहून दिलंय, दिवसातून दोनदा, जेवणानंतर.

तुझी ताई


२३ फेब्रुवारी

शिडे,

तुझं उत्तर मिळालं. इतक्या वर्षांनी तीन वाक्यं: 'पट्टा काढ. व्यायाम कर. अण्णांचे दात कसे आहेत?' मी चार पानं खर्ची घातली होती. तारेचे दिवस संपलेत, तुला कोणी सांगितलं नाही का?

पट्टा काढला आहे. म्हणजे काढून घेतला गेला आहे. डॉक्टरांनी तो थोडे दिवस, दुखणं फार असेल तेव्हाच घालायला सांगितला होता. पण काय सांगू तुला त्या पट्ट्याचं भाग्य! तो घालून भाजी आणायला गेले की लोक वाट सोडायचे. शेजारीण पिशवी उचलायची. मास्तरांनी दोनदा चहा करून दिला. मी तो झोपतानाही काढेनाशी झाले. व्यायामवालीने तो गळ्यातून सोडवून स्वतःच्या कपाटात ठेवला आणि म्हणाली, "हा सांभाळत राहिलात तर मानेचे स्नायू आळशी होतील. मग मान सांभाळणार कोण?" चहा त्याच दिवशी बंद झाला.

तुझे व्यायाम करते. हनुवटी मागे घ्यायची, कोणी तोंडासमोर नको ते धरल्यासारखी. तुझा चेहरा समोर असल्यामुळे हे मला सहज जमतं. खांद्यांची पाती मागे आणून एकमेकींना भेटवायची. मग कपाळाला तळहात लावायचा, डोक्याने हाताला ढकलायचं, हाताने डोक्याला, आणि कोणीच हलायचं नाही. पूर्ण ताकद लावून जागच्या जागी. हा आपला घरगुती व्यायाम आहे. आपण दोघी तो वर्षानुवर्षं करतोय.

अण्णांचे दात कसे आहेत, विचारतेस. अण्णांच्या हिरड्या आक्रसल्या आणि जुनी कवळी तोंडात फिरते. बोलताना खालची पुढे येते आणि आपण काय बोलतोय ते ऐकल्यासारखी थांबते. चावता येत नाही. गेल्या महिन्यात सगळं पातळच चाललंय. अंगावरचा सदरा दोन माणसांचा वाटायला लागलाय. दातांच्या डॉक्टरांनी ठसे घेऊन पाठवले आहेत. नवी कवळी करायची आहे.

आणि आता ऐक. मी तुझा व्हिडिओ लावून व्यायाम करत होते. अण्णा मागच्या खुर्चीत. तुला माहीत आहे, त्यांची हनुवटी आता छातीला टेकलेली असते, छत बघून वर्षं झाली. पण खुर्ची मागे रेलून, डोळे वर करकरून ते बघत होते. व्हिडिओ संपला.

"पुन्हा लाव," म्हणाले.

लावला. "पुन्हा." पुन्हा लावला. माझे व्यायाम कधीच झाले होते. तू मात्र सहाव्यांदा पडद्यावर येऊन 'बहिणींनो' म्हणत होतीस. मग सावकाश म्हणाले, "माझी कवळी शिडीकडे पाठवावी का?"

रोज ह्यांच्या पाठीला तेल मी लावते. खिमट मी करते. चष्मा मी शोधते. तीस वर्षं लॅबमध्ये त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी बसले. तू निघून गेलीस, पडद्यावर सात मिनिटं ताठ बसलीस, आणि कवळी तुझ्याकडे!

मी मान हलवली. हलली नाही. त्यांनी होकार समजला.

कवळी मीच करणार आहे. तुला पाठवलेली नाही आणि पाठवणार नाही.

ताई

ता. क. सिंकखालच्या टाकीतला प्लास्टरचा गाळ आपण दोघींनी आळीपाळीने उपसायचा, असं ठरलं होतं. तू गेल्यापासूनच्या तुझ्या सगळ्या पाळ्या मी केल्या. सध्या मास्तर करतात आणि प्रत्येक बादलीला उसासा टाकतात. हे सगळं तुझ्याकडे थकलेलं आहे, एवढीच नोंद.


९ मार्च

शिडे,

काय स्मरणशक्ती आहे तुझी, आणि कुठे वापरतेस! 'मी गेले त्या सकाळी गाळ मी उपसला होता, पाळी तुझी होती. नंतरचा गाळ तुझ्या कामाचा, तो तू उपसलास. ती एक पाळी मात्र तू मला लागतेस.' सामान दारात, गाडीची वेळ झालेली, आणि मनुष्य हे लक्षात ठेवतो?

मला असलं काही आठवत नाही. तू लाल बादली घेऊन बागेच्या कडेला गेलीस वगैरे जे लिहिलंयस ते तर साफ चूक आहे. बादली निळी होती.

आता तब्येत. बोटांतून वस्तू निसटतात म्हटल्यावर हाडांचे डॉक्टर एकदम गंभीर झाले. सदऱ्याची बटणं लावायला लावली, सरळ रेषेत टाच-बोट चालायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारली, लघवीवर ताबा आहे ना विचारलं. मास्तर बाहेरच्या बाकावर ऐकत होते, त्यांचा चेहरा कोऱ्या नकाशासारखा पांढरा. मग मोठं यंत्र. त्या नळीत पडल्यापडल्या मी फक्त एकच विचार केला: ह्या नळीत शिडी कधी गेली नसणार.

निकाल बरा आहे. "मणक्यातल्या मुख्य दोरीवर दाब नाही," डॉक्टर म्हणाले, "फांदी दबली आहे. बहुतेकांची व्यायामाने आणि सवयी बदलून काही आठवड्यांत सुटते. पण हातातली ताकद कमी होत गेली, चालताना तोल जायला लागला, तर त्याच दिवशी या. मग ऑपरेशनचं बघावं लागेल. आणि बाई, तासन् तास वाकून बसणं बंद. अर्ध्या तासाने उठायचंच."

मी होकार दिला. तो सोपा आहे.

घरी आले आणि अण्णांचे दात लावायला बसले. उठले नाही. तू माझ्या जागी असतीस तर उठली असतीस, व्हिडिओत दाखवतेस तशी, हात मागे नेऊन, मंद हसत. तुला उठता येतं. उठून निघून जाता येतं.

दातांच्या डॉक्टरांबद्दलही सांगायचं राहिलं. ह्या दोन महिन्यांत त्यांनी तीन कवळ्या परत पाठवल्या. "ताई, हसू जरा तिरकं आलंय. पुढच्या दातांची ओळ डावीकडे उतरते." मी त्यांना कळवलं, ठसा नीट घ्या. दुसऱ्या वेळी कळवलं, पेशंटचा जबडाच तिरका असेल. तिसऱ्यांदा काही कळवलं नाही. माणसं कामचुकार झाली आहेत, दुसरं काय.

अण्णांच्या वेळी मी डोळ्यांत तेल घालून काम केलं आहे. मेणात लावून तयार आहे. उद्या त्यांच्या तोंडात घालून बघायची. बघच मग, कोणाची मुलगी ती.

ताई


१० मार्च

शिडे,

तुला कळवायचं नव्हतं. पण हे दुसऱ्या कोणाला सांगितलं तर त्याला कळणार नाही. अण्णा सोडले तर आपलं काम माहीत असलेलं माझं माणूस एकच, आणि ते तू निघालीस. ह्यात माझा काय दोष?

अण्णांना खिडकीशी बसवलं, त्यांनी मेणातली कवळी तोंडात घातली, मी आरसा धरला. मी म्हटलं, "हसा." ते हसले. मला सरळ दिसलं. अगदी सरळ, शिडी. सांगते ना, मला सरळ दिसलं.

त्यांनी आरशात खूप वेळ पाहिलं. मग कवळी काढून तळहातावर घेतली आणि म्हणाले, "डावीकडे उतरलीये."

मी म्हटलं, "तुमची मान वाकलेली आहे, अण्णा."

"माझी वाकलेली आहे," ते म्हणाले. "तुझी?"

"माझं काय?"

उठले. काठी न घेता, टेबलाला धरत धरत माझ्यामागे आले. माझ्या डोक्यावर दोन्ही बाजूंनी हात ठेवले. आठवतं तुला, लहानपणी आपली वेणी सरळ आली का ते बघायला असेच धरायचे. आणि हळूच, मेणाच्या पट्टीला धरतात तितक्याच हलक्या हाताने, माझं डोकं उजवीकडे आणलं. उजवा खांदा ठणकला. मी ओरडले. ते थांबले, दुखणं ओसरू दिलं, आणखी जरासं आणलं.

"आता बघ," म्हणाले.

तळहातावरची कवळी माझ्यासमोर धरली. डावीकडे उतरती होती. आंधळ्यालाही दिसावी इतकी.

महिनोन् महिने उजवी बाजू दुखते म्हणून मी डोकं डावीकडे झुकवून बसत होते आणि मला ते माहीतच नव्हतं. माझे डोळे जसे तिरके, तशी दातांची ओळ. त्या तिन्ही पेशंटांच्या तोंडात मी स्वतःची मान बसवून पाठवली होती. ठसे चोख होते. जबडे सरळ होते.

अजून मेणातच होती, दात हलवता येतात, म्हणून निभावलं. नाहीतर आपला बाप उरलेलं आयुष्य माझ्या दुखण्याच्या कोनात हसला असता.

मला वाटलं, आता म्हणतील, पाठव शिडीकडे. आरसा मी अजून धरूनच होते. ते परत खुर्चीत बसले, धाप जिरू दिली. मग विचारलं, "शिडीच्या टेबलाचे ते ठोकळे कुठे आहेत?"

ताई


६ एप्रिल

शिडे,

ठोकळे सापडले. तुला वाटलं असेल, मी ते तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जाळले. मलाही तसंच वाटत होतं. पण तुझे ठोकळे घर धरून होते. एक मागच्या दाराला, दार आपटू नये म्हणून. एक फ्रिजखाली, त्याचा एक पाय लंगडा आहे. एक कुंडीखाली. चौथ्यावर उभी राहून मी इतकी वर्षं माळ्यावरचे डबे काढते आहे. चारही काढले तर दार आपटायला लागलं, फ्रिज कुरकुरायला लागला, कुंडी कलंडली आणि माझा हात माळ्याला पुरेना. तू गेलीस तेव्हा घरात इतका गोंधळ झाला नव्हता.

तुझ्या टेबलाखाली लावले. तिघांची तीन टेबलं अजून तशीच ओळीत आहेत, अण्णांचं, माझं, तुझं, सगळी अण्णांच्या उंचीची. माणसाने कामासमोर वाकावं, काम माणसासमोर आणू नये, हे अण्णांचं वाक्य मी कितीतरी जणांना ऐकवलं असेल. मी अण्णांच्याच उंचीची, म्हणून ते टेबल जणू माझ्याच मापाने घडवलंय असं मला वाटायचं, आणि त्याचा मला कोण तोरा होता. तू ठोकळे लावून टेबल उचललंस तेव्हा अण्णा म्हणाले, "बापापेक्षा उंच बसणार?" आणि मी म्हटलं, "उद्या छतावर बसेल." लोक हसले होते; तू सामान बांधलंस. मी अजून विनोद बरे करते.

आता मी तुझ्या टेबलावर बसते. काम छातीशी येतं, डोकं खाली जात नाही. अर्धा तास झाला की मास्तर शाळेची घंटा वाजवल्यासारखे वाटी-चमचा वाजवतात, मी उठते, पाती मागे घेते, गरम पाण्याची पिशवी खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालते. दोन उशांची एक झाली आहे. बादली उचलायची तर अर्धीच, अंगाजवळ धरून. अंगठ्यातल्या मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. झीज जायची नाही, ती राहणार, असं व्यायामवाली पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "झिजलेल्या मानेने नीट जगता येतं, ताई. फक्त तिच्याशी भांडायचं नाही." मी भांडण सोडून दुसरं काय करते, हे तिला अजून कळायचंय.

अण्णा तुझा व्हिडिओ अजून बघतात. परवा मी न राहवून म्हटलं, "एवढं काय आहे त्या शिडीत?" ते म्हणाले, "शिडी कुठे बघतोय? टेबल बघतोय. किती वर आहे ते मोजत होतो." मग म्हणाले, "मला का नाही सुचलं?"

पण मीही तो व्हिडिओ आता पाठ होईतो पाहिला आहे. आणि एक गोष्ट विचारते. मधे कोणीतरी डावीकडून तुला हाक मारतं. तू मान वळवत नाहीस. खुर्चीसकट सगळी वळतेस. मग हसून परत येतेस. ते हसणं मी ओळखते. आजकाल मी तसंच हसते. मास्तरांना कळणार नाही, त्या पोरीलाही कळलेलं नाही. मला कळलं.

खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी रात्रीच्या जेवणात दोन घास जास्त खाल्ले. शिडीची मानही गेली! मग झोपताना वाटलं, कधी?

कधी, शिडी?

ताई


२८ एप्रिल

शिडे,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. या वेळी तूही चार पानं लिहिलीस, म्हणजे फिट्टंफाट.

म्हणजे ठोकळे लावायच्या आधीपासूनच. म्हणजे आपण तिघं ओळीने बसायचो तेव्हा तुझा डावा हात रोज संध्याकाळी सुन्न व्हायचा, आणि तू तो टेबलाखाली मांडीवर ठेवून चोळायचीस, आणि मला वाटायचं, बाईसाहेब काम टाळतायत. तू आपल्या सगळ्यांत उंच. ते टेबल तुला सगळ्यांत जास्त वाकवायचं. हे दिसायला माझ्याकडे डोळे होते. फोटोतली झीज तरुण वयातली निघाली आणि तू कोणाला सांगितलं नाहीस, कारण "ताई म्हणाली असती, नाटक."

म्हटलं असतं. नक्की म्हटलं असतं.

आणि तुला काय वाटलं, हे वाचून मी विरघळेन? मला राग आला. दुखण्यातही तू माझ्या आधी! निदान एवढं एक तरी थोरलीचं असायला हवं होतं. नस चेपण्याचा मान मला पहिल्यांदा मिळाला, असं समजून मी तो पट्टा मिरवत होते, आणि तू ते सगळं बिनपट्ट्याचं, बिनचहाचं, एकटीने उरकून बसलीस. वर दुसऱ्यांची मान वाचावी म्हणून कॅमेऱ्यासमोर ताठ बसतेस, ती बसताना दुखते, आणि हसतेस.

एवढा मत्सर मला तुझ्या भट्टीचाही वाटला नव्हता.

ताई

ता. क. डावीकडून हाक आली तर पुढच्या व्हिडिओत खुर्चीसकट वळतानाच सांगून टाक, माझीही झिजली आहे. माझ्यासारख्या बायका त्या ताठपणावर जळतात आणि व्यायाम सोडून देतात.


२४ मे

प्रिय शिडीस,

तू गुरुवारी येते आहेस असं मास्तरांना कळवलंस, मला नाही. त्यांनी मला सांगितलं नाही. मोहरीच्या पडद्यांना इस्त्री करायला लागले तेव्हा मी ओळखलं.

गाडीत मानेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेव. खिडकीकडे तोंड करून झोपू नकोस. हे मी तुला सांगते आहे, याची मला गंमत वाटते, तुला वाटू देऊ नकोस.

अण्णांची कवळी मेणात आहे. सावकाश चाललं, अर्ध्या अर्ध्या तासाने उठत. खालच्या दातांची ओळ सरळ आहे. अण्णांनी पाहिली, मास्तरांनी मोजपट्टी लावून पाहिली, दातांच्या डॉक्टरांनी पाहिली आणि पेढा मिळाल्यासारखं तोंड केलं. त्या तिघा पेशंटांचेही दात मी नव्याने लावून दिले. तोवर अण्णांना खिमटच. पण परवा म्हणाले, "घाई नको, ती येईपर्यंत थांबतो." मान हलवून 'नाही' म्हणता येतं आता, दोन्हीकडे, पुष्कळसं. हलवली नाही.

खालचे सगळे दात माझे. वरच्या दाढा माझ्या. वरचे पुढचे सहा लावलेले नाहीत. गैरसमज करून घेऊ नकोस. व्यायामवालीने एका दिवसात जास्त काम करायचं नाही म्हणून बजावलं आहे. मेण गुळगुळीत करून ठेवलं आहे. दात डबीत आहेत, रंग मी निवडला आहे, त्यावर वाद नको. हसणारा भाग तेवढा तुझ्या हातचा असू दे. दिवसभर चावायला तोंडात मी आहेच.

टेबलांचं म्हणशील तर सुताराकडून आणखी चार ठोकळे करून घेतले, ते माझ्याखाली. तुझे चार तुझ्याखाली परत लावले. दाराला, फ्रिजला आणि कुंडीला काहीबाही सापडलं. मोजून पाहिलं, तुझं टेबल माझ्यापेक्षा चार बोटं उंच येतं, अण्णांच्यापेक्षा तर चांगलंच. पुन्हा एकदा मोजलं. तेवढंच आलं.

असू दे.

आता शेवटचं. अण्णांनी भिंतीला टांगलेल्या पाळ्यांच्या वहीप्रमाणे गाळाची पाळी गुरुवारी तुझी येते आणि मास्तरांचे उसासे मला नकोत. आज सकाळी मीच उपसला. अर्धी अर्धी बादली, अंगाजवळ धरून, गुडघ्यात वाकून, मान न वाकवता. बागेच्या कडेला नेऊन टाकला. मधे दोनदा टेकले. टाकी घासली.

निळी बादली धुऊन तुझ्या टेबलाशेजारी उलटी ठेवली आहे.

तुझी
ताई